ऑइल कूलरची जागा

त्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन कंपनीनेच वाऱ्यावर सोडलेलं. गार व्हायला पाणी नाही, नुसती हवा. म्हणून निदान तेल तरी गार राहावं, यासाठी ऑइल कूलर बसवायचा ठरला.

"मागे लाव, इंजिनाशेजारी," नुकतीच गाडी शिकलेली बायको म्हणाली. "माझा हात अजून कच्चा आहे. पुढे लावलास तर ठोकेन."

"वारा पुढून येतो, राणीसाहेब," म्हणत त्याने तो बंपरखाली लावला.

रविवारी ती गाडी घेऊन गेली, ती तेलाची धार सोडतच परतली.

"वळताना फुटपाथला जरा घासली रे. कूलर फुटला का?"

तो गाडीखाली शिरला. कूलरवर ओरखडासुद्धा नव्हता. तेल गळत होतं पाइपाच्या नटातून. पान्याने नंतर आवळू म्हणून तो नट त्यानेच नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता. आता आवळून झाला, तरी तो बराच वेळ खालून बाहेर आला नाही.

"माझ्यामुळेच ना?" तिने वाकून विचारलं.

"असू दे. होतं असं."

"दुसरा कोणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं." तिने किल्ली पुढे केली. "तूच चालव बाबा. मला नाही जमायचं."

"जमेल हळूहळू," तो म्हणाला आणि किल्ली खिशात टाकली.