पुलीवरची रेघ

“काकू, तेलाचं बोट? बेल्टला? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

मेकॅनिक सोमनाथच्या हातातला पाना टणकन खाली पडला. दसरा होता. वाळवंटात पळवायच्या पाच बग्ग्यांच्या बॉनेटवर कुंकू, रोल्लाच्या बाजारातून आणलेले झेंडूचे हार, सगळं रीतसर. पण सहाव्या बग्गीचं झाकण उघडं टाकून तो चहाला गेला, तेवढ्यात लतिकाकाकूंनी तेल-कुंकवाचं बोट थेट आतल्या कोऱ्या बेल्टवर टेकवलं होतं.

“ओरडू नकोस. बाकीच्यांना वरून पुरे,” काकू म्हणाल्या. “मार्चमध्ये हिचाच बेल्ट तुटला ना, हे चालवत असताना?”

सोमनाथने पाना उचलला. खोटं काय होतं त्यात? इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेतो तो हा एक रबरी बेल्ट. वाळूच्या चढावर तो तुटला, गाडी मागे घरंगळली, उलटली, आणि हेमचंद्रकाकांचा खांदा मोडला. आज सात महिन्यांनी काका पुन्हा तिच्यातच बसणार होते. नवा बेल्ट पहिले तीस किलोमीटर सांभाळून चालवावा लागतो. दामटला की जळलाच. आणि काकांना ‘सावकाश’ कशाशी खातात तेच माहीत नव्हतं.

“तेलाने घसरतो तो, काकू. घसरला की तापतो, तापला की खलास. परत तेच होईल.”

काकूंचा चेहरा उतरला. “मग रे आता?”

“आता काय! भांड्याचा साबण आणा.”

त्याने बेल्ट काढून दिला. काकूंनी तो कुकरच्या रिंगसारखा घासला, तीनदा धुतला, फडक्याने कोरडा केला. सोमनाथने बेल्ट ज्यांवर फिरतो त्या पुल्या स्पिरिटने पुसल्या. मग मार्कर घेतला आणि पुढच्या पुलीवर मध्यापासून कडेपर्यंत एक काळी रेघ मारली.

“वा! माझं कुंकू चालत नाही, तुझी रेघ चालते?”

“पहारा आहे हा,” तो हळूच म्हणाला. “स्पीड वाढेल तसा बेल्ट पुलीवर वर चढतो, रेघ पुसत जातो. काकांनी गाडी पिटाळली, तर पार कडेपर्यंत पुसलेली दिसेल. सांगू नका त्यांना.”

चार वाजता काका निघाले.

“अर्ध्याच ॲक्सिलरेटरवर हां, काका. आणि चढ नको.”

“इन्शाल्ला!” काका इथल्या अरबांच्या थाटात हसले, आणि गाडी वाळूच्या टेकाडाआड गेली.

काकू शेडच्या दारातच उभ्या. तास झाला. दीड तास झाला. फोन लागेना.

“एवढा वेळ कसा रे?”

“सावकाश चालवतायत.”

“हे? सावकाश?”

 सोमनाथ पुसलेलेच पाने पुन्हा पुसत बसला.

शेवटी आवाज आला. गाडी थांबते न थांबते तोच त्याने झाकण उघडलं, नाक आत घातलं. जळका वास नाही. टॉर्च मारला. रेघ अर्ध्यापर्यंत पुसली होती. त्यापुढे कडेपर्यंत काळीभोर, जशीच्या तशी.

“काकू, अर्धी आहे! अर्धी!”

“काय अर्धी?” काकांनी हेल्मेट काढत विचारलं. काकूंनी सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे माझ्यावर पहारा?” काकांच्या भुवया वर गेल्या. पण पुढचा भडका काही उडाला नाही. ते सीटवरच बसून राहिले.

“तुम्ही घाबरू नका दोघं. मीच घाबरलो होतो,” ते म्हणाले. “त्या चढापाशी गेलो गं, पायच दाबेना. मग लांबून वळसा घालत आलो.”

काकूंनी त्यांचा हात धरला. “बरं झालं,” म्हणाल्या, आणि हात सोडेचनात.

सोमनाथने टॉर्च बंद केला. आता दोघांनाच बसू द्यावं.

“काका, मी निघतो. मला जायचंय आता.”