शंभरावा गोल
सामना बरोबरीत होता आणि जिंकला नाही, तर क्लब खालच्या लीगमध्ये घसरणार होता. शेवटच्या मिनिटाला क्लबचा आघाडीचा खेळाडू एलिदियो याला समोर गोलपोस्ट मोकळा सापडला. हा त्याचा शंभरावा गोल ठरला असता. तेवढ्यात मनगटावरची पट्टी थरथरली. लीगच्या यंत्रणेचा आवाज कानात आला, "तुमच्या शंभराव्या गोलाच्या बोनसमुळे क्लब खर्चाची मर्यादा ओलांडेल. गोल धरला जाणार नाही."

करारातला बोनस भर सामन्यात सोडून देता येत नसे. डावीकडून वयस्क बचावपटू तादेऊ धापा टाकत येत होता. त्याच्या करारात बोनसच नव्हता.

"तू मार!" एलिदियोने चेंडू त्याच्याकडे ढकलला.

तादेऊने जीव खाऊन लाथ मारली. स्टेडियम उसळलं.

"तू का नाही मारलास?" त्याने रडत विचारलं.

"क्लबला तुझाच गोल परवडणार होता," एलिदियो म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण हसू आलं नाही.