वारसाचं नाव

"बाप मेला म्हणून कर्ज मरत नाही," फोनवरचा माणूस म्हणाला. "आजच्या आज पंच्याऐंशी हजार टाका. नाहीतर संध्याकाळी पोलीस दारात."

सोमनाथने लेथ बंद केलं आणि तो अंबडच्या कारखान्याच्या शेडबाहेर आला. आठवड्यातला हा पाचवा फोन.

"तुमच्या कंपनीचं नाव सांगा. कर्जखात्याचा नंबर सांगा. बाबांच्या सहीचा कागद पाठवा."

"कागद कोर्टात बघ! गेणू बहिरू गांगुर्डे, मुक्काम चांदवड. बायको कुसाबाई. पोरं सोमनाथ आणि शेखर. चुकतंय का काही माझं?"

काहीच चुकत नव्हतं. तेच तर डोकं फिरवत होतं.

"लेखी नोटीस आल्याशिवाय एक रुपया मिळणार नाही," सोमनाथ म्हणाला आणि त्याने फोन कापला. पलीकडून आलेली आईवरची शिवी अर्धीच ऐकू आली.

सोमनाथ काही दूधखुळा नव्हता. खरा वसुलीवाला कागद दाखवतो, भलत्याच माणसाच्या खात्यावर पैसे मागत नाही, एवढं त्याला कळत होतं. बँकेत जाऊन त्याने चौकशी केली होती. गेणूच्या नावावर दमडीचं कर्ज नव्हतं. सायबर पोलिसांकडे तक्रारही नोंदवली होती. फोनवाला भामटा होता, त्यात शंकाच नव्हती. पण त्या भामट्याला घरची कुंडली दिली कोणी?

"बाहेरच्याला तुमच्या आजोबांचं नाव कसं कळेल, दादा?" गौरांग म्हणाला. "माहिती घरातूनच गेलीय. मी बोलू नये, पण कोणाशी वाकडं आहे का तुमचं?"

गौरांग म्हणजे गंगाधर गुरुजींचा मुलगा. गांगुर्ड्यांच्या तीन पिढ्यांचं श्राद्धकर्म याच घराने केलेलं. गुरुजींचे गुडघे गेले, तेव्हापासून गोदाघाटावर गौरांगच बसायचा. उद्या गेणूचं वर्षश्राद्ध होतं, त्याची यादी द्यायला तो इंदिरानगरला सोमनाथच्या घरी आला होता. सोमनाथने त्याच्याजवळ मन मोकळं केलं.

वाकडं होतं ना! धाकट्या भावाशी, शेखरशी. चांदवडला विहिरीच्या वाट्यावरून दिवाळीत जुंपली होती आणि "तुला बघून घेतो, दादा" असं शेखर सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाला होता. सोमनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गौरांगची पाठ फिरताच त्याने फोन लावला.

"शेखऱ्या, एका फोनमागं किती मिळतात रे तुला?"

"कसले फोन?"

"वेड पांघरू नको! मेलेल्या बापाला विकलंस तू!"

"तोंड सांभाळ, दादा. मी बी त्यांचाच पोरगा हे."

"होतास. उद्या घाटावर पाय ठेवलास तर तंगडी मोडीन. बाबांच्या पिंडाला तुझा हात लागणार नाही."

 पलीकडून फोन बंद झाला.

"भाऊजींना एकदा समोर बसवून विचारायचं तरी," सोमनाथची बायको वेदिका म्हणाली.

"विचारून चोर कबूल होतो का?"

कुसाबाई नात मांडीवर घेऊन बसली होती. "लय केलंस तू, सोमा. त्यो असं नाय करायचा. बापाच्या पिंडाला आडवतोस त्याला?"

"मग मला लुटतंय कोण, आई? भूत?"

म्हातारीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिचा हट्ट भारी. गेल्या वर्षी गेणूच्या दहाव्याला वेदिकाला सातवा महिना होता, तर "माझा मालकच माघारी येतोय" म्हणत घाटावर सोमनाथला गुरुजींच्या वहीत, घराण्यातल्या नावांखाली, 'नातू गेणू' असं लिहायला लावलं होतं तिने. गुरुजी नको नको म्हणत राहिले. झाली हर्षाली! आता तोच हट्ट धरून ती धाकट्याची बाजू घेत होती. रात्री ती जेवली नाही. सोमनाथनेही तिला आग्रह केला नाही.

सकाळी घाटावर कुसाबाई मोठ्या लेकाकडे पाठ करून बसली. हर्षाली तिच्या कडेवर पाय नाचवत होती. शेखरने बारशाला आणलेले चांदीचे वाळे खुळखुळत होते. ते काढून फेकावेत असं सोमनाथला वाटलं.

आणि शेखर आलाच. सगळ्यात वरच्या पायरीवर, टोपी हातात घेऊन, अनवाणी उभा राहिला. खाली मात्र उतरला नाही.

"भाऊ आलेत वाटतं," पिंडाचा भात मळता मळता गौरांग हळूच म्हणाला. "मनात पाप असलेला माणूस विधीला नको, दादा. तुम्ही ठाम राहा."

"येऊ दे तर खाली," सोमनाथ दात खात म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. नवीन नंबर होता, आवाज जुनाच.

"पैसे नाही टाकलेस ना? लई शहाणा समजतोस स्वतःला. लेखी पाहिजे, नोटीस पाहिजे! ऐक आता. बाप तर गेला, निदान पोराला जप. गेणू ना त्याचं नाव? आजोबाचंच ठेवलंयस. दुपारपर्यंत पैसे आले नाहीत, तर तुझा गेणू घरी येणार नाही."

सोमनाथच्या तोंडापर्यंत शिवी आली होती. ती तिथेच राहिली.

आईच्या कडेवर हर्षाली वाळे वाजवत होती. वरच्या पायरीवर ते वाळे आणणारा शेखर अजून उभा होता. सोमनाथच्या घरात गेणू नावाचं पोर नव्हतंच. पोराचं म्हणून ते नाव त्याने उभ्या जन्मात एकदाच लिहिलं होतं, इथेच बसून, गुरुजींच्या नामावळीच्या वहीत.

गौरांगने मांडीजवळची लाल कापडातली वही जरा मागे सारली आणि दर्भाची अंगठी पुढे केली.

"बंद करा तो फोन, दादा. चला, हात पुढे करा."