शेजारची सीट

मोटारीच्या जुन्या सीटवर मालकाला बसवल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा सीटवाल्याचा शिरस्ता. माणूस कुठे रुततो ते आधी डोळ्यांनी बघायचं, मगच नवा काथ्या भरायचा.

"साहेबांचं झालं. आता बाई, तुम्ही या."

बाई याचीच वाट बघत होत्या. मरून कापड त्यांनीच हौसेनं पसंत केलं होतं. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती आणि त्या फेरीत त्या पहिल्यांदाच नवऱ्याशेजारी बसणार होत्या. लग्न झाल्यापासून त्यांची जागा मागे, पिशव्यांसोबत. पुढच्या सीटची स्प्रिंग टोचते, कपडे फाटतील, कंबर धरेल, असं साहेब मोठ्या काळजीनं सांगायचे. वर चारचौघांत म्हणायचे, "मी काय बुवा, हिचा ड्रायव्हर!" लोक हसायचे. बाईही हसायच्या.

त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि बसल्या बसल्या स्टिअरिंगच्या बाजूला घसरल्या.

"नेहमी बसता तशा बसा की."

"सरळच तर बसलेय."

पुन्हा नीट बसल्या, पुन्हा घसरल्या. सीटवाल्यानं वाकून पाहिलं आणि गडी खूष झाला. त्याच्या जिभेला हाड नव्हतंच.

"वा! खड्डा मधे नाही, साहेबांच्या अंगाला पडलाय. वर्षानुवर्षं खेटून बसल्याशिवाय असा पडत नाही. नाहीतर आमच्याकडे येणारी जोडपी! दोघांच्या मधून बैलगाडी जाईल. तुमचं आपलं वेगळंच!"

साहेब रुमाल काढून पुढच्या दिव्याची काच पुसू लागले. काच स्वच्छच होती.

बाई खाली उतरल्या. "उघडा सीट," त्या म्हणाल्या.

सीटवाल्यानं टाके उसवून कव्हर ओढलं. काथ्याचा भुगा जमिनीवर सांडला. मग खालचं गोणपाट बाजूला करून तो एकेक स्प्रिंग तळव्यानं दाबून बघू लागला.

"यातली टोचते ती कुठली?" बाईंनी विचारलं.

"टोचते? छे हो! सगळ्या टणटणीत आहेत. आणि हे टाके कारखान्यातले बरं का. या सीटला आजवर कुणी हात लावलेला नाही."

"अगं, तेव्हा काय झालं..." साहेबांनी सुरुवात केली.

बाईंना वाटलं होतं रडू येईल. आला तो संताप, आणि तोही स्वतःचाच. त्या ड्रायव्हरच्या विनोदाला आपण दर वेळी हसलो होतो.

"काळजी सोडा बाई," सीटवाल्याचं चालूच होतं. "नवा काथ्या भरतो, वर फोम घालतो. झोप लागेल बसल्या जागी."

बाईंनी मागचं दार उघडलं आणि त्या आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या. दार त्यांनी हळूच लावून घेतलं.

"भरा तुम्ही," खिडकीतून त्या म्हणाल्या. "फक्त एक स्प्रिंग चांगली वर येऊ दे. बसेल तिला टोचली पाहिजे."

सीटवाला हसला. मग बाईंचा चेहरा बघून थांबला. "असं का हो बाई?"

"साहेब इतकी वर्षं सांगत आलेत. त्यांचा शब्द खोटा पडायला नको."