धर्मशाळेतला मधुचंद्र

"आत्या, चारमिनारच्या गर्दीत राहू की हुसेनसागरच्या काठी?" लग्न ठरलेली भाची मोबाइलवर मधुचंद्रासाठी स्वस्तातली हॉटेलं दाखवत होती.

पण कुमुदताई केव्हाच जुन्या हैदराबादेत पोचल्या होत्या. लग्नानंतर अच्युतरावांनी त्यांना तिथेच नेलं होतं. खिशाला परवडली ती एक धर्मशाळा, आणि तिथे बायकांचं दालन वेगळं, पुरुषांचं वेगळं. अच्युतराव ओशाळून म्हणाले, "उद्या दुसरीकडे खोली बघतो."

संध्याकाळी दोघं धर्मशाळेच्या पायरीवर बसली. समोर बांगड्यांचा बाजार झगमगत होता. लग्न थोरांनी ठरवलेलं, त्यामुळे तोवर धड बोलणंही झालं नव्हतं. पण त्या गोंगाटात त्यांचं ऐकायला कुणी नव्हतं. अच्युतरावांनी वडिलांच्या धाकाबद्दल सांगितलं, कुमुदताईंनी अर्धवट सुटलेल्या गाण्याच्या शिकवणीबद्दल. रखवालदार फाटक लावायला आला, तेव्हा कुठे दोघं उठली.

दुसऱ्या दिवशी लॉजमध्ये खरंच खोली मिळाली. दार लागलं आणि दोघंही गप्प झाली. बऱ्याच वेळाने अच्युतराव हळूच म्हणाले, "थोडा वेळ त्या पायरीवर जाऊन बसायचं का?"

कुमुदताई नवऱ्यासमोर पहिल्यांदाच खळखळून हसल्या.