चहाचा मान

आ माने कप घेतला नाही.

मैत्रेयी लाल पोशाखात गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हातांत कप, मान खाली. शेजारी जुनवेई, तिचा होणारा नवरा, तोही गुडघ्यांवर. समोरच्या खुर्चीत त्याची आजी ताठ बसली होती. ब्याऐंशी वर्षांची. सगळं घर तिला आ मा म्हणायचं. अंगात मरून रेशमी अंगरखा, केसांत लाल फूल, हात मांडीवर. कपाकडे ती बघतसुद्धा नव्हती.

स्वयंपाकघराच्या दाराआडून मैत्रेयीच्या आईने, सुलेखाने हे पाहिलं.

चिनी लग्नातल्या या चहाचा अर्थ लेकीने तिला आधीच समजावला होता. सून गुडघे टेकून चहा देते. थोरांनी तो प्यायला, की ती त्या घरची झाली. वयाने मोठा तो आधी, धाकटा मागून. "कन्फ्यूशियस अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून गेला आणि हे लोक अजून रांग मोडत नाहीत," असं म्हणून मैत्रेयी हसलीही होती. "आणि त्यांनी कप घेतलाच नाही तर गं?" असं सुलेखाने विचारलं, तेव्हा मात्र ती हसली नव्हती. वर्षापूर्वी 'मुलगी इंडियन आहे' हे ऐकल्यावर आ मा जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

सुलेखा आत उभी होती ती राजीखुशीने. तिच्या नवऱ्याला, प्रकाशला जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्याहून आलेल्या तिच्या जाऊबाई, जयावहिनी, सकाळीच हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "तू आपली आतच थांब हो. मुलीचं मंगलकार्य आहे." सुलेखाला त्याचं वाईट वाटलं नाही. रोजची पोथी, रोजचा जप, चतुर्थीचा उपास, कशात तिने कधी खंड पडू दिला नव्हता. लेकीच्या सुखासाठी तासभर दाराआड उभं राहणं ते काय मोठंसं? मुहूर्त ताओ मंदिरातल्या पुजाऱ्याने काढला होता, अकरापर्यंतचा. तिने पंचांगात ताडून पाहिला, तर तिथेही तो शुभच निघाला. अशा वेळेवर आपली सावली नको, एवढंच तिच्या मनात होतं.

घड्याळात पावणेअकरा झाले.

"देवा, घोटभर चहा," ती पुटपुटली. "एवढा त्यांच्या घशाखाली उतरू दे."

जुनवेई पुढे झुकून आजीशी काहीतरी बोलला. आ माने आपल्या चिनी बोलीत दोनच वाक्यं सुनावली. जुनवेईचे कान लाल झाले. तो उठला आणि तडक स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

"आंटी," तो इंग्रजीत म्हणाला, "आ मा विचारतेय, तुम्हाला हे लग्न पसंत नाही का?"

"मला?"

"मुलीची आई आत लपून बसलीय, म्हणजे तिच्या मनात नाही, असं म्हणते ती. आईच्या मनात नसताना तिची मुलगी मी कशी घेऊ, असं विचारते."

जयावहिनी मध्येच मोडक्या इंग्रजीत बोलल्या. "अरे बाबा, तसं नाही काही. हिचे मिस्टर नाहीत. आमच्यात अशा बायका कार्यात पुढे येत नाहीत. बॅड लक! सांग तुझ्या आजीला."

"आई, कम आउट लाह!" बाहेरून मैत्रेयी इथल्या इंग्रजीच्या ढंगात ओरडली. "माझे हात भरून आलेत!"

जुनवेईने आजीला सांगितलं. आ माने ऐकून घेतलं. मग आतपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती बोलत राहिली आणि जुनवेई धापा टाकत मागोमाग सांगत राहिला.

"लग्नाच्या विधीत मैत्रेयीचे केस विंचरायला आम्हीही नवरा असलेलीच बाई शोधली, म्हणते. ते नशिबाचं काम. पण चहा नशिबाचा नसतो. जिने वाढवलं, तिचा असतो."

आ माने शेजारच्या खुर्चीवर दोनदा थाप मारली. "सिट," ती म्हणाली. तिला येणारं इंग्रजी बहुधा तेवढंच असावं.

सुलेखा बाहेर आली. कशी आली ते तिलाही कळलं नाही. खुर्चीत बसताना तिने सवयीने पाय आखडून घेतले. मग तिने ते सरळ केले आणि नीट बसली.

आ माने मैत्रेयीचा खांदा धरला आणि तिला सुलेखाकडे वळवलं. खोलीत कुजबूज झाली. जुनवेईचे एक काका अर्धवट उठले, "आ मा, आधी तुम्ही..." म्हातारीने नुसतं बघितलं. काका बसले.

"आई, चहा घे," मैत्रेयी म्हणाली.

"आई, चहा घ्या," पाठ केलेल्या मराठीत जुनवेई म्हणाला.

सुलेखाने सर्वांसमोर चहा घेतला. खजूर घातलेला, गोड, गरम. शेवटच्या थेंबापर्यंत. मग आ माने मैत्रेयीने पुढे केलेला दुसरा कप दोन्ही हातांनी घेतला, एका दमात संपवला आणि उलटा करून सगळ्यांना दाखवला. जयावहिनींना जरा जास्तच वेळ दाखवला. खोलीभर टाळ्या झाल्या. अकराला अजून सात मिनिटं होती.

जयावहिनींना गप्प बसवेना. त्यांनी जुनवेईला हळूच गाठलं. "ते सगळं खरं, पण तुझे आजोबा कुठे दिसत नाहीत? त्यांचा मान आधी ना?"

जुनवेई चकित झाला.

"आजोबा? माझे बाबा तीन वर्षांचे होते, तेव्हाच आजोबा गेले. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा पहिला कप आ माच पीत आलीय."