मागची सीट

मंजूची लेक डिंपल पावसाळ्यात तापानं गेली. थंडी पडली, गाडीच्या काचा बंद झाल्या, आणि मागच्या सीटवरून मंजूला हळूच 'मम्मी' ऐकू येऊ लागलं. "भास आहे तो," नवरा योगराज गाडी चालवताना म्हणायचा. डोकं मात्र दोघांचंही दुखायचं. सायलेन्सरचा आवाज वाढला तेव्हा ते फुलचूरच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं इंजिनाजवळ धुराच्या नळीच्या सांध्यात बसणारं गॅस्केट काढून दाखवलं. कडा जळून गेल्या होत्या. "इथून धूर आत येऊन राहिला होता. त्यानं डोकं दुखते, भलतंसलतं आयकू येते. वाचले तुमी." त्यानं नवं गॅस्केट बसवलं. परतताना मंजूनं काच बंद करून कान दिला. गाडी शांत होती, मागची सीटही. सौंदडच्या तलावाजवळ योगराजनं गाडी थांबवली. "काय झालं, जी?" मंजूनं विचारलं. त्यानं मागच्या सीटकडे वळून पाहिलं. "मलेबी आयकू येत होती, मंजू. 'पप्पा' म्हणत होती."